पातेल्यातली हाक

रामकिशन आबांना आवाज नाही, पण त्यांची हाक सिद्धेश्वर धरणाजवळच्या माळावर रोज दोनदा घुमते. नव्या माणसाचा यावर विश्वास बसत नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकलेलं बरं.

गेल्या शिवरात्रीच्या आधी आबांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. पन्नास वर्षांच्या बिड्यांनी आपलं काम चोख बजावलं होतं. डॉक्टरांनी आतलं आवाजाचं यंत्रच काढलं आणि श्वास घ्यायला गळ्यापाशी भोक ठेवलं. जीव वाचला, आवाज गेला. शीळही गेली, कारण वारा आता तोंडातून येतच नाही. आबा त्या भोकावर पांढरा रुमाल बांधतात आणि हातवाऱ्यांनी बोलतात. त्या हातवाऱ्यांचा अर्थ चारचौघांना सांगण्याचं काम त्यांच्या बायकोनं, बनाबाईंनी, आपणहून घेतलं आहे. सांगता सांगता त्या पदरचंही बरंच घालतात. आबा बिचारे कपाळाला हात लावून बसतात, आणि त्याचाही अर्थ बनाबाईच सांगतात.

माणसांशी असं भागलं. पण पंच्याऐंशी मेंढरांशी कसं भागायचं? मेंढरू हातवारे बघत नाही. ते हाक ओळखतं, तीही आपल्याच धन्याची.

ही गोष्ट आधी सुचली ती सुनेला, सत्यशीलाला. ब्लाऊजची कटिंग शिकायला तिनं एक जुना टॅब घेतला होता. घेतला तेव्हाच त्याच्या कोपऱ्याला तडा होता. दवाखान्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं सासऱ्याला अंगणात बसवलं आणि टॅब तोंडापुढं धरला. "मामा, रोज माळावर जशी हाक मारता ना, बराबर तशीच मारा."

आबा आधी लाजले. मग छाती भरून ओरडले, "हिर्र्र्र हाऽऽ! ये गं मैनेऽऽ! हिर्र्र्र हाऽऽ!"

मैना म्हणजे कळपाची पुढारीण. ती जिकडे जाईल तिकडे बाकीच्या चौऱ्याऐंशी जाणार, मग पुढं विहीर असो की चिखल.

ऑपरेशननंतर आबा गळ्यात टॅबची पिशवी आणि हातात जर्मलचं पातेलं घेऊन रानात जाऊ लागले. टॅब पातेल्यात उभा केला की आवाज दुप्पट होतो, हा शोध त्यांचा स्वतःचा. पहिले चार दिवस गाव पोट धरून हसलं. मैना मात्र हसली नाही, हाक ऐकताच धावत आली. मैना आली म्हणजे कळप आला. कळप वळला की आबा बोटानं टॅब बंद करत आणि पुढच्या हाकेपर्यंत पिशवीत टाकत. असे आठ-नऊ महिने झकास गेले.

दिवाळी झाली, माळावरचं गवत वाळलं, आणि एका दुपारी पातेलं गप्प बसलं. पडद्यावर रेघ हलत होती, हाक चालू असल्याचं दिसत होतं, पण आवाजाचा पत्ता नाही. आबांनी टाळ्या वाजवल्या, काठी आपटली, शेवटी पळत सुटले. तोवर मैना सगळी वरात घेऊन शेजारच्या प्रभूच्या कोवळ्या हरभऱ्यात शिरली होती. प्रभू दारात येऊन इतका बोलला की बनाबाईंनाही मध्ये तोंड घालायला जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मुलगा बालाजी पिकअप चालवतो. पोरगा वाईट नाही, पण रोज कोणाकोणाचे पाय धरणार? त्यानं जेवता जेवता सांगून टाकलं, "आबा, बस झालं आता. हाकेबिगर मेंढरं सांभाळणं होत न्हाई. सोमवारी मेंढरांचा व्यापारी देविदास येऊन राहिला, त्याला कळप दाखवू."

आबांनी यावर एकही हातवारा केला नाही. बनाबाईंना अर्थ सांगायला काहीच उरलं नाही, आणि त्या घाबरल्या. बाराव्या वर्षापासून हा माणूस मेंढरांमागं फिरतोय, मेंढरं गेली तर तो भिंतीकडं तोंड करून झोपून राहील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सत्यशीलानं रात्रीच सगळं करून पाहिलं होतं. आवाज पुरा वाढवला, टॅब बंद करून चालू केला, शिवणकामाचा व्हिडिओ लावला. त्यातली बाईसुद्धा नुसती तोंड हलवत होती. मग शनिवारी सासरा आणि सून एसटीनं वसमतला गेले. स्टँडजवळ पुनमचंदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं टॅब कानाला लावला, थापटला, उलटा करून पाहिला. "काका, बहुत पुराना है. स्पीकर गेला असंल, आन् याचा पार्ट आता येत न्हाई."

"मंग त्यातली हाक तरी दुसऱ्या मोबाईलमधी काढून द्या," सत्यशीला म्हणाली. त्यानं वायर लावली, पण दुकानातल्या कॉम्प्युटरनं टॅबला ओळखच दाखवली नाही.

"एक इलाज हाय," पुनमचंद म्हणाला. "सगळं पुसून नव्यानं चालू करतो. कधी कधी येतो आवाज."

"सगळं म्हंजी?"

"सगळं. फोटो, रेकॉर्डिंग, सगळं साफ."

त्याचं बोट बटणावर टेकणार, तेवढ्यात आबांनी काउंटरवरून झडप घालून टॅब ओढून घेतला. पुनमचंदचा चष्मा नाकावरून खाली आला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. अर्थ सांगायला इथं बनाबाई नव्हत्या, पण त्यांची गरजही पडली नाही.

परतीच्या एसटीत आबा टॅब मांडीवर घेऊन बसले. त्यांना वाचायला जेमतेमच येतं, पण पंच्याऐंशी मेंढरांत आज कोणतीची चाल बदलली हे ते लांबून ओळखतात. तसंच त्यांना दिसलं, वरच्या कोपऱ्यात बॅटरीशेजारी एक बारीक चित्र आहे आणि ते पूर्वी नव्हतं. त्यांनी सुनेला कोपरानं ढोसलं.

"हे व्हय? हेडफोनची निशाणी हाय, मामा. कानात घालायची वायर जोडली की दिसती. मंग आवाज बाहेर येत न्हाई, वायरीतून जातो." मग तीच थबकली. "पण आपण वायर कुठं जोडली?"

ती वायर कुठं जोडतात, असं आबांनी खुणेनं विचारलं. तिनं टॅबच्या कडेचं बारीक भोक दाखवलं. आबांनी मांडीवर अशी थाप मारली की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

गवत वाळलं की दरसाल कुसळं उडतात आणि मेंढरांच्या कानात शिरतात. मग मेंढी मान झटकत राहते, चरत नाही, हाकेला येत नाही. त्यावरचा इलाज आबांच्या करदोड्यालाच बांधलेला असतो, पितळेचा बारीक चिमटा. त्यांनी तो तिथंच बाहेर काढला. "मामा, थांबा!" सत्यशीलानं हात धरला. "खड्ड्यात बस आदळली तर आतलं मोडंल. घरी गेल्यावर."

घरी येताच आबा अंगणात उन्हाकडं तोंड करून बसले. सुनेनं टॅब बंद करून दिला. कोकराचं डोकं धरावं तसा तो त्यांनी गुडघ्यांत धरला आणि चिमटा हलक्या हातानं आत घातला. आधी लोकरीची मळकट गुंडी निघाली. तिच्यामागून कुसळ आलं, अर्धं मोडलेलं. आबांनी ते तळहातावर घेऊन सुनेपुढं धरलं.

"अगं बया!" सत्यशीला म्हणाली. टॅब चालू केला तर ते चित्र गायब. आबांनी बोट टेकवलं.

"हिर्र्र्र हाऽऽ! ये गं मैनेऽऽ!"

मेंढरांच्या वाडग्याच्या फाटकाला नुसती दोरी गुंडाळलेली होती. मैनेनं एका धडकेत ते उघडलं आणि पंच्याऐंशी मेंढरं अंगणात. बादली लवंडली, वाळत घातलेलं लुगडं खाली आलं. मैना टॅबला तोंड लावायला लागली. आबा दोन्ही हातांनी तिला मागं ढकलत होते, म्हणून टॅब बंद करायचं राहूनच गेलं आणि रेकॉर्डिंग पुढं चालू राहिलं. हाकेनंतरचं आजवर कोणी ऐकलंच नव्हतं. जरा खरखर झाली आणि आबांचाच आवाज आला, हाकेचा नाही, साधा, घरातला.

"झालं का गं पोरी? बंद कर आता. अगं ए, ऐकून राहिलीस का? च्या ठेव जरा. आन् साखर टाकताना हात आखडू नको."

"ठेवते, ठेवते! दोनच हात हायेत मला," आतून बनाबाई फटकन बोलल्या. "काहून वरडून राहिले इतकं?"

मग आतली भांडी एकदम थांबली. बनाबाई साखरेचा डबा तसाच हातात घेऊन उंबऱ्यात आल्या. मेंढरांच्या गर्दीत आबा उभे होते, गळ्याला पांढरा रुमाल, ओठ मिटलेले. बनाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "मैनेचं नको. माझं लावा."

त्याच संध्याकाळी सत्यशीलानं टॅब वाजवून ती हाक घरातल्या दोन्ही मोबाईलमध्ये भरून घेतली, आणि टॅबच्या भोकावर पट्टी चिकटवली. दारात पिकअप लावून बालाजीनं मेंढरांतून वाट काढत देविदासला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. आबा आता रानात हाकेपुरताच टॅब लावतात. घरी आले की मात्र उंबऱ्यावर पातेलं ठेवतात, त्यात टॅब उभा करतात आणि शेवटपर्यंत वाजू देतात. दोनच हात हायेत मला, असं आतून रोज उत्तर येतं, आणि चहात साखर जरा जास्तच पडते.