खडूची रेघ

सत्तर सालानंतरची गोष्ट. बावड्याच्या बाजूला एका कारखान्यात मी फिटर होतो. राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी चूक दाखवली की माझं डोकं फिरायचं.

वाफेचा पाइप तापला की सरकतो. म्हणून मध्ये स्टीलच्या जाळीची लवचीक नळी बसवायची. ती कशी हलते हे आमच्या हेडफिटर चाचांनी माझाच हात धरून शिकवलं होतं. "कोपरात वाकीव, चालतंय. बाजूला सरकीव, चालतंय. आन् हे?" म्हणत मनगट असं पिरगाळलं की मी "आई गं!" म्हणून ओरडलो. "नळीलाबी असंच हुतंय. पीळ द्यायचा न्हाय." ते नळीवर खडूनं लांब सरळ रेघ मारायचे. बोल्ट आवळल्यावर रेघ तिरकी दिसली, की नळी पिळली म्हणून समजायचं; अशी नळी वाफेच्या दाबानं फुटायची.

आणखी एक रीत होती. ज्यानं नळी आवळली, त्यानंच वाफ सोडताना तिच्याजवळ उभं राहायचं.

त्या दिवशी बोल्टाची भोकं अर्ध्या बोटानं चुकत होती. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. शेवटी डोकं सटकलं. मी शेतकऱ्याच्या घरचा, लहानपणापासून दोर वळलेला. दोराला पीळ दिला की तो घट्ट होतो, नळीला काय धाड भरलीय? भोकात पहार घातली, नळी पिळली आणि बोल्ट आवळले. रेघ तिरकी झाली. ती मी फडक्यानं पुसून टाकली.

तेवढ्यात टाइम ऑफिसात हुपरीहून फोन आला. बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती, तिला कळा सुरू झाल्या होत्या.

चाचा म्हणाले, "जा लेका, यष्टी गाठ. तुझ्या जागी मी उभा ऱ्हातो."

मी निघालोसुद्धा! आजही लाज वाटते. गेटपर्यंत स्वतःला सांगत होतो, काही होत नाही, टिकेल. गेटाबाहेर पाऊल टाकलं आणि पिरगाळलेलं मनगट आठवलं. तसाच मागं पळत सुटलो.

चाचा नळीला खेटून उभे. व्हॉल्व्हवाल्याचा हात चाकावर. वाफेची शिट्टी नुकती सुरू झालेली.

"बंद कर! बंद कर रं ते!"

व्हॉल्व्ह बंद झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "चाचा, मी पीळ दिलाय. रेघ मीच पुसली." बोलताना मला रडू फुटलं.

लाइन गार झाल्यावर चाचांनी बोल्ट सोडवले. शेवटचा बोल्ट निघाला, तशी नळी गर्रकन उलटी फिरली आणि तिची कडा खाडकन खांबावर आदळली. आम्ही दोघंही मागं सरलो.

त्यांनी खिशातला खडू काढून नवी रेघ मारली. भोकं जुळेपर्यंत समोरचा पाइप सैल करून फिरवला. "आवळ आता. यष्टी जाऊ दे."

आवळलं. रेघ सरळ राहिली. रीतीप्रमाणे मी नळीजवळ जाऊन उभा राहिलो. चाचा आले आणि शेजारी उभे राहिले.

"तुम्ही कशाला? आवळलंय मी."

"रेघ मी मारलीया की," ते म्हणाले, आणि वाफ सोडायला हात वर केला.