चोराला भाकर आणणारी फिर्यादी

नोकरीत चोऱ्या पुष्कळ तपासल्या, पण हदगाव तालुक्यातली ती चोरी अजून मनातून जात नाही. माझ्या निवृत्तीच्या जरा आधीची गोष्ट.

एका गावात एक बाई महिलांसाठी शिवणकेंद्र चालवत. एका वर्तमानपत्राच्या धर्मादाय फाउंडेशनने त्यांच्या संस्थेला शिलाई मशिनी दिल्या होत्या. वाटपाचा फोटो पेपरात झळकला होता. एका सकाळी बाई ठाण्यात आल्या आणि फिर्याद दिली, की अज्ञात चोरट्याने कुलूप तोडून सगळ्या मशिनी नेल्या.

पंचनाम्यातच शंकेची पाल चुकचुकली. कुलूप फुटलेलं, पण कडी-कोयंड्यावर साधा ओरखडा नाही. म्हणजे आधी किल्लीने काढलं आणि मग फोडलं. किल्ली असायची केंद्राच्या म्हाताऱ्या राखणदाराकडे. त्यात खबऱ्याने सांगितलं, की याने मागेच चादरीत गुंडाळलेलं काहीतरी ट्रॅक्टरमध्ये चढवलं होतं. त्याला चौकशीला आणलं.

"ट्रॅक्टरात काय भरलं?"

"कडबा, साहेब."

"कडब्याला चादर पांघरतात?"

म्हातारा पुन्हा 'कडबाच' म्हणाला. चोर स्वतःला वाचवायला दहा थापा मारतो. हा एकच थाप धरून बसला होता आणि ती स्वतःच्याच गळ्याशी येत होती. बायकोनं बाहेर हंबरडा फोडला, तरी तो हलला नाही.

दुपारी फिर्यादी बाई आल्या. चोरी झालेला माणूस 'साहेब, लागलं का काही?' म्हणून आमचं डोकं खातो. या बाईंनी मशिनींची चौकशीच केली नाही. त्यांच्या हातात डबा होता. ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा. राखणदारासाठी.

"बाई, चोराला कुणी भाकर आणतं का?" मी विचारलं.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि त्या रडू लागल्या.

"त्यो चोर न्हाई हो, साहेब. मशिनी मीच दिल्या बायांना. दिवाळीनंतर समद्या ऊसतोडीला किल्लारीकडं जात्यात. मशीन हितं गंजण्यापरीस संगं न्या म्हणलं. तिथं पाचटाच्या कोपीत बसून कपडे शिवून राहिल्या त्या. अन् मधीच फाउंडेशनचा निरोप आला, उद्या पाहणीला येतो. मशीन केंद्राबाहेर न्यायची न्हाई, अशी अट हाय. ज्या पेपरात माझा फोटो आला, त्याच पेपरात मी चोर म्हणून छापून आले असते. म्हणून किल्लीनं कुलूप काढून मीच फोडलं."

अज्ञात चोर म्हटलं की कुणाचंच वाईट होत नाही, असं त्यांना वाटलं. पोलिसांच्या लेखी अज्ञात म्हणजे गावातला प्रत्येक जण, हे त्यांना कोण सांगणार?

"तू का बोलला नाहीस?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"मशिनी जप्त झाल्या असत्या, साहेब. बायांनी काय करावं मग?"

फाउंडेशनचे अधिकारी नांदेडहून आले. सगळं ऐकून म्हणाले, "आधी सांगितलं असतं, तर अट बदलली असती." माणूस भला होता आणि त्याने अट बदललीही. पण देणाऱ्यापुढे घेणाऱ्याची जीभ किती जड होते, हे देणाऱ्याला कळत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकलो. खोट्या फिर्यादीचं प्रकरण मी रीतसर कोर्टात पाठवलं. त्यात सूट नव्हती.

म्हाताऱ्याला सोडलं, तेव्हा तो म्हणाला, "तुमी सोडलं, पर गावानं मला पोलीस गाडीत बसताना पाह्यलं. ते कसं पुसायचं?"

 बाईंनी ते ऐकलं होतं. पुढच्या बाजारच्या दिवशी, मी बंदोबस्ताला असताना, त्या मारुतीच्या पारावर चढल्या. भरल्या बाजारात ओरडून म्हणाल्या, "चोरी झालीच न्हाई! खोटं मी बोलले. आळ आपल्या राखणदारानं सोसला!"

लोक थबकले. बाई तेच पुन्हा म्हणाल्या, मग पुन्हा. शेवटी म्हातारा गर्दीतून पुढे आला आणि त्याने बाईंचा हात धरला.

"बास, ताई. उतरा आता खाली."

कबुलीजबाब मी आयुष्यभर लिहून घेतले. कुणी न मागता दिलेला तेवढा एकच.