ट्रेव्हरचं इंजिन मी झोपवलं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लोक आळसामुळे चुकतात, घाईमुळे चुकतात. मी चुकलो ते अतिकाळजीमुळे! चहा घ्या, गार होतोय. आणि हसायचं ते शेवटी हसा.

तुम्हाला माहीतच आहे, आम्ही ख्राइस्टचर्चला राहतो, रिकार्टनमध्ये. शेजारी ट्रेव्हर, वय ऐंशीच्या पुढे. बायको जीन तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटाच. त्याच्याकडे बोटीच्या मागे लावायचं एक जुनं इंजिन आहे. आउटबोर्ड म्हणतात त्याला. चाळीस वर्षांचं, पण अजून ठणठणीत!

मागच्या जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, ट्रेव्हर खुब्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे निघाला, ऑकलंडजवळ अल्बनीला. त्याच्या शेडचं छप्पर गळत होतं, म्हणून इंजिन लाकडी स्टँडसकट माझ्या गराजमध्ये आणून ठेवलं.

"आतलं पाणी सगळं काढलंय," तो म्हणाला. "असंच उभं राहू दे. बाकी काही करू नकोस."

आता मला सांगा, आपल्या माणसाला 'काही करू नका' म्हटलेलं कधी पटतं का? आपण तर हा पाहुण्याचा संकोच समजतो!

मी बघितलं, इंजिनावर धूळ, चिखल, कुठल्या तरी तळ्यातलं वाळकं शेवाळ. वस्तू ठेवणीत टाकायची ती धुऊन-पुसून, असं आमच्या आईने लहानपणापासून बजावलेलं. मी संध्याकाळी अंधारातच होज पाइप लावला आणि जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे पाणी मारून इंजिनाला अभ्यंगस्नान घातलं. मग वाटलं, एवढं म्हातारं इंजिन तीन महिने उभंच ठेवायचं? जुनी गादी आणली, अलगद आडवं केलं आणि वर गोधडी घातली.

आमची लेक इरा दारात उभी. "बाबा, डिड यू जस्ट टक इन अ मोटर?"

"थंडी किती आहे बघ ना गं!"

सकाळी गवतावर पांढरंशुभ्र दव गोठलेलं. ऑफिसात मोठ्या कौतुकाने एका सहकाऱ्याला सांगितलं. तो मासेमारीवाला. त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "धुतलंस? आणि आडवं ठेवलंस? अरे, आत पाणी साचलं असणार! ते गोठलं की फुगतं आणि इंजिन तडकतं!"

मी तसाच घरी पळालो. गोधडी बाजूला केली, इंजिन उलटं केलं. आणि खालच्या अंगाला चांगली वीतभर भेग! तीही फुगलेली, ओबडधोबड. ऐंशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभराचं इंजिन, आणि मी ते एका रात्रीत फोडलं!

"फोन कर आणि सांगून टाक," मुग्धा म्हणाली. ही आमची बायको. तिचा सल्ला मी नेहमी नंतर ऐकतो.

"ऑपरेशनच्या तोंडावर? वेडी आहेस का?"

गुपचूप इंजिन गाडीत घातलं आणि बोटी दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने भेगेवर बोट फिरवलं. "मेट, ही भेग तर..."

"काही बोलू नका!" मी हात जोडले. "फक्त दिसता कामा नये."

"अरे, पण ही तर..."

"प्लीज!"

त्याने खांदे उडवले. पंधरा दिवसांत अंग असं गुळगुळीत करून दिलं की मलाही जागा सापडेना. दर रविवारी ट्रेव्हरचा फोन यायचा, "इंजिन कसंय?" आणि मी बेधडक सांगायचो, "एकदम मजेत!"

सप्टेंबरमध्ये ट्रेव्हर परतला. काठी टेकत गराजमध्ये आला, वाकला, आणि इंजिनाच्या खालच्या अंगावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"जीनची भेग कुठे गेली?"

"कसली भेग?" मी विचारलं.

"नवीन घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात," तो म्हणाला, "जीनने हे होजने धुतलं. दमलं असेल म्हणून शेडमध्ये आडवं ठेवलं. सकाळी तडकलेलं! मीच ती भेग भरली. तेव्हापासून ती भेग दिसली की मी तिला चिडवायचो. ती गेल्यावरही, तळ्यावर गेलो की चिडवतोच."

म्हणजे मी काही फोडलंच नव्हतं! जीनची होती नव्हती ती खूण मात्र मी निगुतीने पुसून टाकली होती. मग मी सगळं ओकलो. धुणं, गादी, गोधडी, दुरुस्तीवाला, सगळं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही.

ट्रेव्हर काठीवर रेलला. मग हळूच म्हणाला, "आता कोणाला चिडवू मी?"

मागून चहाचा ट्रे घेऊन मुग्धा आली. "याला चिडवा ना, ट्रेव्हरकाका! हीप्स मटेरियल आहे, ढीगच्या ढीग!"

ट्रेव्हरने माझ्याकडे बघितलं. आधी खांदे हलले, मग काठी हलली, मग तो असा हसायला लागला की आम्हाला नव्या खुब्याची काळजी वाटली.

त्या दिवसापासून जो चिडवतोय, तो थांबलेला नाही. मागच्या रविवारी तळ्यावर बोट उतरवताना एका अनोळखी माणसाला त्याने अख्खी हकिगत ऐकवली. तो माणूस मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाला, "आणि हा पोटापाण्याला काय करतो?"

ट्रेव्हर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "इंजिनियर आहे!"