पोशेऱ्याच्या काड्या

नाशिकहून जव्हारला निघालेल्या एस.टी.त माझ्या मांडीवर जॉर्जियाच्या लाल वाईनची बाटली होती, भाच्याने तिकडून आणलेली. कुणीतरी विचारावं म्हणून मी तिच्यावरचा रुमाल दोनदा काढून पुन्हा गुंडाळला. पाय मात्र खालच्या ओल्या पोत्यावर ऐसपैस पसरले होते. पोत्यातून तपकिरी काड्या डोकावत होत्या.

"सायेब, पाय उचला. द्राक्षाच्या काड्या हायेत," शेजारचा म्हणाला.

मी सरपण समजलो होतो! लाज झाकायला मी व्याख्यानच सुरू केलं: काखेती नावाचा प्रांत, तिथले द्राक्षमळे, जमिनीत पुरलेले मातीचे रांजण, त्यात मुरणारा रस. तो पोतं सारखं करत ऐकत होता.

"छाटणी कवा करतात तठं?"

मला कुठलं ठाऊक! तो वर्षानुवर्षं नाशिकच्या मळ्यांत छाटणीला जाणारा मजूर निघाला. कात्री धरून धरून बोटं वाकलेली. या काड्या मात्र तो जव्हारच्या अलीकडच्या पोशेऱ्याला, आपल्या गावी, स्वतःच्या वावरात लावणार होता.

"तुमच्याकडच्या एवढ्या पावसात? मरतील हो!"

"तीनदा मेल्या. आवंदा नागलीच्या उतारावर लावतो, पानी थांबत नाय." मग त्याने बाटलीकडे पाहिलं. "किती जुने म्हणालात त्यांचे मळे?"

"हजारो वर्षांचे."

"मग त्यांच्या पयल्या काड्या काय लगेच जगल्या असतील?"

पोशेऱ्याला पोतं खांद्यावर घेऊन तो उतरला. पायाखाली आता काहीच नव्हतं, तरी मी जव्हारपर्यंत पाय आखडूनच बसलो.