उजेडातच गोठवलेली रोपं

बेळगावच्या एका प्रयोगशाळेत मी टोमॅटोच्या रोपांवर पीएच.डी. करत होते. रोपांत आम्ही एक जादा जनुक घातलं होतं. प्रखर उजेडाचा त्रास सुरू झाला, की ते जागं होऊन पानं वाचवेल, अशी आशा होती. पण जनुक जागं झालंय की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायची, कुटायची, त्यातून जागं जनुक बनवतं तो आरएनए काढायचा आणि यंत्रावर मोजायचा.

माझी मोजणी काही केल्या जुळेना. एकदा आलेख उंच, पुढच्या खेपेला सपाट. शेवटी गाइड मॅडम शांतपणे म्हणाल्या, की हे जनुक सोडू या, दुसरं घेऊ. मी आणखी एक संधी मागितली. त्यांनी दिली, पण नाइलाजानं.

त्याच आठवड्यात रोपांचा ट्रे घेऊन प्रखर दिव्यांच्या खोलीतून निघाले, तर प्रयोगशाळेच्या पॅसेजमध्ये मैत्रिणीनं अडवलं. चहाला येतेस का, एवढंच विचारत होती. तिला उत्तर देता देता माझं लक्ष ट्रेकडं गेलं. पॅसेजमध्ये अंधार होता. म्हणजे गोठवायच्या टेबलापर्यंत पोचायच्या आतच रोपं सावरत होती आणि जनुक पुन्हा झोपी जात होतं. कधी मी लवकर पोचायचे, कधी रेंगाळायचे, तसे आकडे हलायचे.

मग मी नायट्रोजनचा डबाच दिव्यांखाली नेला. जाड हातमोजे, चष्मा, घामानं चिंब अंग, आणि पानं तिथल्या तिथं गोठवली. या वेळी यंत्राच्या पडद्यावर आमच्या रोपांच्या रेषा साध्या रोपांच्या कितीतरी आधी उसळल्या, म्हणजे जनुक जागं झालं होतं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मॅडम खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"हे जनुक सोडायचं नाही," त्या म्हणाल्या.

जिन्यात येऊन मी घरी फोन लावला. आप्पा, माझे वडील, वडगावात साड्या विणतात. मागाच्या खडखडाटात त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"व्हय? मग टोमॅटो कवा आणतीस?"

"न्हाय आप्पा, ही रोपं भाईर न्यायची न्हाईत, नियम हाय. काम झालं की वाफेत मारून टाकायची."

त्यांनी माग थांबवला.

"लई राबलीस गं. ये घरी. मी बाजारातनं आणतो."

रात्री आईनं टोमॅटोचं सार केलं. जेवताना आप्पा शेजारच्या काकांना सांगत होते, की आमच्या पोरीची रोपं उन्हाला भीत न्हाईत. तसं नेमकं नव्हतं. दुरुस्त करायला मी तोंड उघडलं, आणि अजून थोडा भात मागितला.