भरला हॉल, प्रेक्षक एक

चाकणच्या एका कंपनीत पर्चेस डिपार्टमेंटला आठ-नऊ वर्षं काढल्यावर मी राजीनामा दिला आणि विनोदी मालिका लिहायला बसले. बाबांच्या मते खरा विनोद मालिकेत नव्हता, राजीनाम्यात होता.

बाबा आकुर्डीला दुचाक्यांच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर उभे राहून रिटायर झालेले. त्यांच्या लेखी ‘पर्मनंट’ हा शब्द देवाच्या खालोखाल. पर्मनंट माणूस आपणहून कंपनी सोडतो, म्हणजे एकतर त्याला लॉटरी लागलेली असते, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. मला लॉटरी लागलेली नाही हे त्यांना ठाऊक होतं.

“पायावर धोंडा पाडून घेतलास,” एवढं बोलून त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

माझे साहेब मात्र भला माणूस. “तुझी जागा दिवाळीपर्यंत भरत नाही,” म्हणाले, “पण तोवर हो की नाही ते सांग.” मीही मनाशी ठरवून टाकलं होतं. मालिकेचा दुसरा सीझन मिळाला तर लिहीत राहायचं, नाही मिळाला तर गपगुमान पुन्हा चाकणची बस पकडायची.

मालिका त्या बसवरच होती. फर्स्ट शिफ्टची कंपनीची बस, रोज तीच माणसं, त्याच सीटवर. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोन वर्षं अबोला धरलेल्या दोन बायका. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते नुसत्या वासावरून सांगणारा एक फिटर. स्टॉप आला की झोपेतच उठणारा आणि झोपेतच हजेरीचं कार्ड पंच करणारा एक भाऊ. मराठी मालिका दाखवणाऱ्या एका छोट्या ॲपने ती घेतली, तेव्हा मी आनंदाच्या भरात अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. बाबांनीही एक घेतला. म्हणाले, “पेढा चांगलाय.”

शूटिंग मोशीजवळच्या एका मोकळ्या मैदानात झालं. बस जागेवर उभी असायची. ती चालतेय असं वाटावं म्हणून चार जण मागून लाकडी वासे लावून तिला हलवायचे आणि दोघे जण झाडाच्या फांद्या खांद्यावर घेऊन खिडकीबाहेरून पळायचे. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यातला एक झाडवाला फांदीसकट खाली बसला आणि उठेचना. मी दिग्दर्शकांना म्हटलं, “सर, बस हलवताय कशाला? ती चाकणच्या तळेगाव चौकात अडकलीय असं दाखवा. तिथे बस हलली तर उलट लोकांना खोटं वाटेल.”

दिग्दर्शक मुंबईचे. त्यांना वाटलं, लेखिकाबाई गंमत करतायत. मग एका सकाळी मी त्यांना शिफ्टच्या वेळेला तो चौक दाखवायला नेलं. आम्ही जेवायच्या वेळेला परत आलो. त्या दिवसापासून वासे बंद झाले आणि मालिकेचा चौथा भाग अख्खाच्या अख्खा चौकात अडकलेल्या बसमध्ये घडला. झाडवाल्यांनी माझे आभार मानले.

पहिला भाग ॲपवर आला त्या शनिवारी मी चऱ्होलीला घरी होते. बाबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ते आपल्या टीव्हीवर दिसतं का?” मी माझ्या खात्यावरून लावून दिलं. बाबांनी शर्ट घातला, बटणं लावली आणि पाहुणे आल्यासारखे ताठ बसून पूर्ण भाग पाहिला. हसले नाहीत. आई हसून हसून पदराने डोळे पुसत होती आणि मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. संपल्यावर म्हणाले, “खिडकीचं भांडण बरोबर आहे. आमच्या बसला पण होतं.” मग चपला घालून सोसायटीच्या ऑफिसात निघून गेले. एवढ्यावर समाधान मानून मी मुंबई गाठली, कारण पुढच्या भागांचं एडिटिंग अजून चालू होतं.

एडिटिंग रूममध्ये कुणी हसत नाही. तोच विनोद दिवसभर पुढे-मागे करून बघितला की एडिटरच्या चेहऱ्यावर दाढ दुखत असल्यासारखा भाव येतो. “दोन फ्रेम कापू,” एवढीच त्याची दाद. मी रोज घरी फोन करायचे. बाबा म्हणायचे, “बघतायत लोक.” मला वाटायचं, बापाचं काळीज, दुसरं काय म्हणणार.

तसं वाटायला कारण होतं. शेवटचा भाग यायच्या आठवड्यात निर्मात्या बाईंचा फोन आला. त्या गोड आवाजात कडू बोलण्यात तरबेज.

“कोल्हापूर, नाशिक, बरं चाललंय,” त्या म्हणाल्या. “पण ज्यांच्यावर मालिका आहे, तीच मंडळी बघत नाहीयेत गं. तुमच्या भागात फार थंड आहे. आणि तुमच्या त्या चऱ्होलीच्या पट्ट्यात तर एकच खातं दिसतंय.”

“एकच?”

“एकच. ते मात्र नेमाने बघतं. एकेक भाग दोनदा.”

ते खातं कुणाचं हे मला न विचारताही कळलं.

“दुसऱ्या सीझनचं धरून चालू नकोस,” त्यांनी सांगून टाकलं.

फोन ठेवल्यावर मला फार लागलं. कोल्हापूरला आवडलं याचा आनंद होईना. ज्या माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून मी हे सगळं गोळा केलं, त्यांनाच ते नको होतं. सोमवारी साहेबांना हो म्हणून टाकायचं, असं ठरवून मी शनिवारी चऱ्होलीला आले.

गेटवर वॉचमन म्हणाला, “ताई, पळा लवकर. जागा न्हाई मिळायची.”

“कसली जागा?”

त्याने क्लब हाऊसकडे बोट दाखवलं. बाहेर पायऱ्यांवर चपलांचा ढीग. आत गणपतीच्या मांडवातल्या खुर्च्या, त्याही भरलेल्या, पुढे सतरंजीवर बायका, खिडक्यांच्या कट्ट्यावर कंपनीच्या गणवेशातली पोरं. क्रिकेटच्या मॅचसाठी वर्गणी काढून आणलेला प्रोजेक्टर चालू होता आणि भिंतीवर माझी बस होती. एका कोपऱ्यात आई पोह्यांच्या बशा भरत होती. बाबा दारात उभे राहून येणाऱ्यांना “बसा, बसा, आत्ताच सुरू झालंय” म्हणत होते, घरचं लग्न असल्यासारखे.

मी मागे भिंतीला टेकून उभी राहिले. आणि हॉल हसला. मी लिहिलेल्या वाक्यावर एवढी माणसं एकदम हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. माझ्यापुढे बसलेली, लातूरकडची, सी विंगमधली एक ताई मागे वळूनही न बघता मला म्हणाली, “ती खिडकीवाली हाय न्हवं, ती म्या हाय. हिला कुटनं कळालं काय म्हाईत!” शेजारचा चऱ्होली गावातला एक म्हातारा म्हणाला, “व्हय, आन् तो झोपणारा आमचा धाकला.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. ॲपवाले ज्यांना शोधत होते ती सगळी माणसं इथे पोहे खात बसली होती, माझ्या एका खात्यावर.

भाग संपला, हॉल रिकामा झाला. बाबा खुर्च्या एकात एक घालत होते. “दुसरा सीझन कधी?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. नाहीये. आणि का नाहीये तेही सांगितलं.

बाबांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. “म्हणजे आपापल्या घरी बघितलं असतं, तर मोजलं असतं?”

“हो.”

“चौथ्या मजल्यावरचे ॲपचे पैसे भरणार होते. मीच म्हटलं, कशाला भरता, आमच्या पोरीचं आहे, हॉलमध्ये या.” ते खाली बसले. “घरोघर जाऊन सांगितलं मी.”

मला राग यायला हवा होता, पण तो येईना. इतक्या प्रेमाने कुणी आपला घात केला, तर रागवायचं तरी कसं? मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

हातातली खुर्ची त्यांनी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “आम्ही लाइनवर गाड्या जोडायचो. शिफ्ट संपली की नग मोजायचे. एक गाडी, एक नग. त्या गाडीवर नवरा, बायको, पुढे एक पोरगं, मधे एक पोरगं, असे चौघं जत्रेला जायचे. ते कुणी कधी मोजलं नाही. म्हणून आम्ही काय एकासाठी गाडी जोडली?”

“बाबा, सोमवारी साहेबांना फोन करायचाय.”

“कर की. नाही येत म्हणून सांग.”

ते उठले आणि पुन्हा खुर्च्या गोळा करायला लागले. “कमिटीशी बोलून ठेवलंय. पुढचेही शनिवार हॉल आपलाच. प्रोजेक्टर नसला तरी चालेल. समोर फळ्या टाकून स्टेज करता येतं. माणसं मी आणतो.”

“आणि दाखवायचं काय?”

“ते मला काय विचारतेस? ते तुझं काम.”

माझ्या लिहिण्याला या माणसाने काम म्हणावं, यासाठी मी वर्षभर किती आसुसले होते, ते मला तेव्हा कळलं. मीही खुर्च्या उचलायला लागले.

सोमवारी सकाळी साहेबांना फोन करून मी नाही म्हणून सांगितलं.