बाईंनी लिहून दिलेला कागद

बाईंची आणि माझी पहिली ओळख टक्कर होऊन झाली. मी अकरा वर्षांची होते. वाढदिवसाला मिळालेले चाकांचे स्केट पायात घालून डोंबिवली पश्चिमेला, कोपरला, आमच्या इमारतीसमोरच्या उतारावरून मी सुटले होते. थांबायचं कसं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. खालून बाजार करून एक बाई येत होत्या. मी थेट त्यांच्या पिशवीवर आदळले आणि भेंडी रस्ताभर झाली. त्यांनी मला बखोटीला धरून उभं केलं, माझं फुटलेलं ढोपर पाहिलं आणि म्हणाल्या, "वेग बरा आहे गो तुझा. थांबायचं मी शिकवते. उद्या सकाळी सहाला ये. आत्ता आधी भेंडी गोळा कर."

त्या म्हणजे वनिताबाई केणे. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि हा ग्रंथ त्यासाठी निघतो आहे. बाई कोपरच्याच, जुन्या घरातल्या. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी शेती केली, आणि बाई शाळेत व्यायामाच्या शिक्षिका झाल्या. शाळेला कुणीतरी स्केटची एक पेटी भेट दिली होती. ती कुणाच्या गळ्यात मारायची यावर शिक्षकांची बैठक झाली आणि बाई त्या दिवशी रजेवर होत्या. पस्तिशीच्या आसपास, शाळेच्या व्हरांड्यातल्या कठड्याला धरून त्या स्वतः शिकल्या. बाईंना स्केटिंग फारसं येत नाही, हे या ग्रंथात दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते. आजही त्या चार पावलं गेल्या की काहीतरी धरायला शोधतात. शिकवतात मात्र अशा, की त्यांच्या हाताखालची पोर बर्फावर पाचशे मीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत उतरली. ती पोर मी.

डोंबिवलीत बर्फ कुठून येणार, असं मला अजूनही विचारतात. आमचा सराव रस्त्यावरच व्हायचा. त्या रस्त्यावर दूधवाले असायचे, स्कूटर असायच्या, सकाळी फिरायला निघालेले निवृत्त लोक असायचे आणि एक पांढरी गाय असायची, जिला कशाचीच घाई नव्हती. बाईंचा नियम एकच होता आणि तो मोडणाऱ्याला घरी पाठवलं जाई. समोरून किंवा बाजूने कुणीही आलं तरी आपण कंबर सरळ करायची, वेग सोडायचा, हाताने खूण करायची आणि त्यांना आधी जाऊ द्यायचं. "रस्ता त्यांचा आहे," बाई सांगत. "आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने घरमालकाला ढकलायचं नसतं." वर्षानुवर्षं आम्ही हे इतक्यांदा केलं, की ते डोक्यातून न जाता थेट पायांतून व्हायला लागलं.

रविवारी बाई आम्हाला टिटवाळ्याला न्यायच्या. तिथे नव्या इमारतींचे रस्ते आधी होतात, माणसं मागाहून राहायला येतात. मधल्या काळात तो गुळगुळीत डांबरी रस्ता मोकळा असतो, आणि कुठे कुठे असा रस्ता तयार झाला आहे याची बातमी बाईंना दलालांच्याही आधी लागत असे. बर्फावरच्या पावलासाठी त्यांनी गल्लीतल्या सुताराकडून सनमायका मारलेली लांब फळी करून घेतली. तिच्यावर पावडर भुरभुरायची, पायात मोजे घालायचे आणि या टोकाकडून त्या टोकाकडे घसरत राहायचं. खरा बर्फ आम्हाला मुंबईतल्या एका मॉलमध्ये, दुकानं उघडायच्या आधी तासभर मिळे. तिथे वेग यायच्या आत कठडाच यायचा.

थंडीचं काय करायचं, हाही प्रश्न होता. बाईंनी त्यावर काढलेला तोडगा ऐकून माझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ठाण्याच्या खाडीजवळ मासळीसाठी बर्फाच्या लाद्या बनवणारा कारखाना होता. तिथे फ्रान्सिसकाका म्हणून एक जुने कामगार बाईंच्या ओळखीचे होते. बाई आम्हा तिघींना शर्यतीच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखात लाद्यांच्या खोलीत उभं करत आणि तिथे बैठका काढायला लावत. फ्रान्सिसकाका पहिल्या दिवशी दारात उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "बाय, या पोरी हायत का मावरा?" त्यांनी विचारलं. मावरा म्हणजे मासळी. बाई म्हणाल्या, "मावरा असता तर कुरकुर केली नसती." काका हसले आणि पुढच्या खेपेपासून आमच्यासाठी चहाचा थर्मास ठेवू लागले.

तो पोशाख हीच आमच्या घरातली खरी अडचण होती. माझे वडील बँकेत होते, स्वभावाने सरळ, पण असले कपडे घालून मुलीने रस्त्यावर धावावं हे त्यांच्या गळी उतरेना. बाई घरी आल्या तेव्हा मला वाटलं, आता भाषण होणार. बाईंनी चहा घेतला आणि पर्समधून स्टॉपवॉच काढून वडिलांपुढे ठेवलं. "मला एकटीला वेळ घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "माझं लक्ष पोरींच्या पायांकडे असतं. कुणी अचूक माणूस हवाय. तुम्ही बँकेत आहात." वडील दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन आले आणि पुढची नऊ वर्षं येत राहिले. पोशाखाचा विषय परत कधी निघाला नाही. माणसाला पटवत बसण्यापेक्षा त्याला कामाला लावावं, हे मी बाईंकडून उचललं आणि आज माझ्या शिकवण्यात ते रोज वापरते.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. चौदा वर्षांपूर्वी एका थंड देशात स्पर्धा होती. महिलांची पाचशे मीटर, दोन दिवस, दोन शर्यती. आपल्या पथकात धावणारी मुलगी मी एकटीच होते, दुसरी एक राखीव. स्केटिंग संघटनेने जाण्याआधीच स्पष्ट केलं होतं की पात्रतेची वेळ या वेळी मुलींपैकी कुणीच दिली नाही, तर पुढच्या वर्षीपासून फक्त मुलगे जातील. मैदानाच्या आत उभं राहण्याचं प्रशिक्षकाचं ओळखपत्र पथकाला एकच मिळालं होतं आणि ते बाईंच्या गळ्यात होतं. त्याच्यावरचा फोटो पाहून बाई म्हणाल्या होत्या, "मिठागरावरची केण्यांची पोर कुठे येऊन पोचली बघ."

ही शर्यत दोघीदोघींची असते. एक आतल्या पट्ट्यात, एक बाहेरच्या. पहिलं वळण घेतलं की समोरच्या सरळ भागात दोघींनी पट्टे बदलायचे, म्हणजे अंतर सारखं पडतं. तिथे दोघी बरोबरीने आल्या तर बाहेरून येणारीला वाट मिळते, आतून येणारीने थांबायचं. पहिल्या दिवशी मी बाहेरून होते. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाईंनी मिठाची बाटली मी आणि मिरपुडीची बाटली ती, असं करून हे मला तीनदा दाखवलं. "वाट तुझी आहे. थांबायचं तिने. सांग परत." मी परत सांगितलं. लक्ष माझं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे होतं.

सुरुवात छान झाली. वळणातून बाहेर पडले तेव्हा माझा वेग आयुष्यात कधी नव्हता एवढा होता. आणि मग डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला कुणीतरी येताना दिसलं. माझी कंबर सरळ झाली. पाय सैल पडले. एवढंच करून मी थांबले असते तर बरं, पण मी हातही केला, कोपरच्या रस्त्यावर दूधवाल्याला करायचे तसा. ती उंच मुलगी क्षणभर गोंधळली आणि माझ्या पुढून निघून गेली. वेळ हुकली. शर्यत संपल्यावर ती मुद्दाम माझ्यापाशी आली आणि तिने माझे आभार मानले. इतकं लाजिरवाणं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

पथकाचे व्यवस्थापक कपडे बदलायच्या खोलीबाहेर आमची वाट पाहत होते.

"मॅडम, हे काय होतं?" ते म्हणाले. "मुलगी स्वतःहून थांबली. भर शर्यतीत हात दाखवते? हिला नियम माहीत नाही की हिचं लक्ष नाही?"

"का विचारता?" बाई म्हणाल्या.

"लक्ष नसेल तर उद्या मी हिला उतरवत नाही. राखीव मुलगी उतरेल. अशा डोक्याच्या खेळाडूवर मी सगळ्यांची जागा पणाला लावणार नाही."

मी तिथेच होते, हातात स्केट घेऊन. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिचं लक्ष होतं," बाई म्हणाल्या. "हा नियम मी तिला शिकवलाच नव्हता. आमच्याकडे जोडीने सराव करायला जागा नाही. माझ्याकडून राहून गेलं."

"असं लिहून द्याल?"

"आणा कागद."

बाईंनी भिंतीला कागद टेकवून ते वाक्य लिहिलं आणि सही केली. व्यवस्थापकांनी तो वाचला, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "मग मॅडम, ओळखपत्र द्या. मुलांचे प्रशिक्षक उद्या आत उभे राहतील." बाईंनी गळ्यातून ते काढून त्यांच्या हातात दिलं. मी जमिनीकडे पाहत होते. खरं काय ते मी सांगितलं नाही. घाबरले होते, दमले होते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं कारण एवढंच की मला दुसऱ्या दिवशी धावायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आतून होते. पट्टे बदलायच्या जागी आम्ही पुन्हा बरोबरीने आलो, पण आज थांबणं माझं काम होतं. इतर मुली तिथे बिथरतात, अडखळतात, बाद होतात. मला थांबायची भीती नव्हती, बाईंनी ती कधी वाटूच दिली नव्हती. मी शांतपणे तिला पुढे जाऊ दिलं, तिच्या पाठीमागे शिरले, तिने वारा अंगावर घेतला आणि मी तिच्या आडोशाने वळणापर्यंत आले. मग बाहेरून सुटले. पापणी लवेल एवढ्या फरकाने मी पात्रतेची वेळ गाठली. आत उभे असलेले मुलांचे प्रशिक्षक टाळ्या वाजवत होते. बाई प्रेक्षकांत कुठेतरी वरच्या रांगेत होत्या. मला त्या दिसल्या नाहीत.

मुलींची जागा राहिली. ठाण्यात टेंभी नाक्यावर नवरात्रात माझ्या फोटोचा मोठा फलक लागला, त्यावर स्थानिक पुढाऱ्यांची अकरा छायाचित्रं होती आणि बाईंचं नाव नव्हतं. संघटनेच्या दप्तरात मात्र बाईंचं नाव होतं, त्या कागदावर. त्यानंतर परदेशी जाणाऱ्या पथकाचा प्रशिक्षक ठरवताना दर वेळी कुणीतरी तो कागद काढी. ज्यांना साधा नियम शिकवता येत नाही, त्यांना कसं पाठवायचं. चौदा वर्षांत बाईंनी घडवलेल्या पाच मुली बाहेर खेळल्या. बाई त्यांना दर वेळी विमानतळापर्यंत सोडायला गेल्या.

मी एकदाच, फार उशिरा, हा विषय काढला. बाई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. "बाई, तुम्ही खोटं का लिहून दिलंत?" त्यांनी भात कालवता कालवता उत्तर दिलं. "मग काय करणार होते? दुसऱ्या दिवशी बर्फावर उतरणार कोण होतं, तू की मी?" मी रडायला लागले, तर म्हणाल्या, "जेवताना रडू नये गो. वाढ जरा." त्या विषयावर त्या पुढे बोलल्या नाहीत आणि मला बोलू दिलं नाही.

गौरवग्रंथात माणसाचे गुण सांगायचे असतात, लिहिणाऱ्याचे दोष सांगायची पद्धत नाही. पण मी आज त्याच पथकाची प्रशिक्षक आहे, आणि ज्या खुर्चीवर मी बसले आहे ती कुणाची हे मला रोज टोचतं. म्हणून इथे, बाईंच्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर आणि स्नेह्यांसमोर, सांगते. बाईंनी मला तो नियम शिकवला होता. तीनदा शिकवला होता. मी तो म्हणूनही दाखवला होता. चूक माझी होती, आणि ती दुसऱ्याच्या नावावर गेलेली पाहून मी गप्प बसले.

हेच मी गेल्या महिन्यात संघटनेला लेखी कळवलं. प्रशिक्षकपदाचा राजीनामाही सोबत जोडला होता. राजीनामा परत आला. त्याच्याबरोबर एक पत्र आलं. त्या जुन्या कागदाला माझं पत्र जोडून ठेवलं आहे, असं त्यात लिहिलं आहे, आणि या हिवाळ्यात जाणाऱ्या चार मुलींच्या पथकाच्या मुख्य प्रशिक्षक म्हणून श्रीमती वनिता केणे यांची नेमणूक झाली आहे, असंही. मी त्यांची सहायक असेन. बाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही. त्या हे पान वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

बाई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, तुमची तब्येत खणखणीत राहो, असं या ग्रंथात प्रत्येकजण लिहील, आणि माझीही मनापासून तीच इच्छा आहे. पण मला जरा घाई आहे. डिसेंबरपर्यंत गुडघ्यांचे व्यायाम चुकवू नका, आणि पासपोर्टची मुदत आजच्या आज पाहून घ्या. ओळखपत्र छापून आलं आहे. फोटो मी जुनाच दिला.